चाकं टेकेपर्यंत

२५ जुलै २०२२. सोमवार. सकाळी साडेअकराच्या सुमाराला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक लहान विमान येऊन पडलं. ते बारामतीहून उडालेलं होतं. कार्व्हर एव्हिएशन नावाच्या विमान शिकवणाऱ्या संस्थेचं, सेसना १५२ जातीचं. आत एकच माणूस. बावीस वर्षांची शिकाऊ मुलगी. शिकवणारा बरोबर नव्हता, कारण ते उड्डाण एकटीनंच करायचं होतं, अभ्यासाचाच तो भाग होता. वाटेत इंजिनाची ताकद कमी पडली आणि विमान शेतात उतरवावं लागलं. विमान मोडलं, मुलीला किरकोळ मार लागला. शिवारातले लोक धावत गेले, तिला दवाखान्यात नेलं.

त्या दिवशी सगळ्या टीव्हीवर द्रौपदी मुर्मू यांचा शपथविधी चालला होता. एका आदिवासी खेड्यातली बाई, एकेकाळची शाळामास्तरीण, राष्ट्रपती होत होती. घराघरात लोक तेच बघत होते आणि खालच्या पट्टीत ही बातमी सरकत होती, 'विमान कोसळले'. दुसऱ्या दिवशी पेपरात मोडक्या विमानाचा फोटो आला. आठवड्याभरात लोक विसरले.

आमच्या घरात मात्र ती बातमी विसरली गेली नाही. माझ्या पुतण्याची मुलगी त्या वर्षी तेच शिकत होती. विमान. तिची संस्था दुसरी, गाव दुसरं, पण काम तेच. शिक्षकाशिवाय पहिलं उड्डाण करून तिला तीन आठवडे झाले होते आणि रोज एकटीनं उतरवायचा सराव चालू होता. म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. मी दहावी झालेला, डाळिंब आणि कांदा करणारा माणूस. इंग्रजी अडखळत वाचतो. पण पोरीला विचारून, तिची पुस्तकं चाळून, पेपरची कात्रणं लावून जे कळलं ते इथं लिहितो.

पहिली गोष्ट शब्दाची. 'कोसळलं' आणि 'उतरवलं' हे दोन वेगळे शब्द आहेत. बैलगाडी उलटली आणि बैलगाडी बांधावर घातली, यात जो फरक तोच. चाकाची कुणी निघाली, पुढं उतार आहे, असं दिसल्यावर शहाणा गाडीवान गाडी मुद्दाम बांधाला लावतो. गाडी मोडते, माणूस वाचतो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. कडबनवाडीला विमान मोडलं हे खरं, पण त्याच्या आत बसलेली पोर चालत्या बोलत्या स्थितीत राहिली, हेही तितकंच खरं. पेपरवाल्याच्या मथळ्यात ही दुसरी गोष्ट मावत नाही.

आम्हा नाशिक जिल्ह्यातल्या लोकांना विमानाचं नवल नाही. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला. माझं सगळं लहानपण त्या आवाजाखाली गेलं. सटाण्याच्या शाळेत गणिताच्या तासाला वरून मिग गेलं की मास्तर खडू धरून थांबायचे, आवाज विरला की पुढची पायरी लिहायचे. पुढं सुखोई आली. २०१८ च्या जूनमध्ये एक सुखोई निफाड तालुक्यात वावी-ठुशीजवळ द्राक्षाच्या मळ्यात पडलं, २०२४ च्या जूनमध्ये दुसरं शिरसगावला. दोन्ही वेळा वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकले गेले, छत्रीनं उतरले आणि वाचले. पण ती लढाऊ विमानं. शिकाऊ पोरांच्या विमानाला अशी खुर्ची नसते. आत बसला तो विमानाबरोबरच खाली येतो. कसा येतो, हेच त्याला शिकायचं असतं.

सेसना १५२ म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मापात सांगतो. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी जागा. इंजिन ११० अश्वशक्तीचं, म्हणजे आपल्याकडच्या अडीच ट्रॅक्टरांइतकं. पण रिकाम्या विमानाचं वजन पाचशे किलोच्या आतबाहेर, एका धष्टपुष्ट खिलार बैलाएवढं. माझा ट्रॅक्टर त्याच्या चौपट भरेल. पत्रा इतका पातळ की अंगठ्यानं दाबला तर दबतो, असं पोर म्हणते. अमेरिकेत ही विमानं १९७७ ते १९८५ पर्यंत बनली, मग बंद झाली. म्हणजे कडबनवाडीला पडलेलं विमान त्या मुलीपेक्षा निदान पंधरा वर्षांनी मोठं होतं. त्यात वावगं काही नाही. नीट देखभाल केली तर ती चालतात, जगभर चालतात. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून पुन्हा भरतात तसं याचंही ठरलेल्या तासांनंतर करावंच लागतं. फरक इतकाच की ट्रॅक्टर बंद पडला तर आपण बांधावर बसून मिस्त्रीला फोन लावतो.

इंजिन थांबलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं असं मला वाटायचं. तसं नाही. ते घारीसारखं तरंगत येतं. हजार फुटांवर असेल तर वाऱ्याचा जोर नसताना अडीच किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतं. तेवढ्या अंतरात आणि दोन-एक मिनिटांत शिकाऊ माणसानं सगळं ठरवायचं. वेग ताशी ११० किलोमीटरच्या जवळपास धरून ठेवायचा, कारण कमी झाला तर पंख हवा सोडतात आणि मग मात्र खरोखर दगड होतो. वारा कुठून आहे ते बघायचं. रान निवडायचं. रेडिओवर सांगायचं. इंजिन परत धरतंय का ते बघायचं. आणि एकदा रान निवडलं की मन बदलायचं नाही.

रान निवडणं ही आपली विद्या आहे, म्हणून इथं थोडं थांबतो. वरून पाहणाऱ्याला ऊस गादीसारखा दिसतो, पण दहा फूट उंच उसात घुसलेलं विमान लगेच अडकून उलटं होतं. नांगरलेलं काळं रान मऊ दिसतं, पण पावसानंतर चाक पहिल्या दहा फुटांत रुततं आणि नाक जमिनीत जातं. द्राक्षाचा मांडव म्हणजे तारांचं जाळं. डाळिंबाच्या बागेत झाडं ठेंगणी, पण खोडं चिवट. शेततळ्याचा कागद उन्हात चमकतो, त्यात घातलं तर संपलंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विजेच्या तारा. त्या वरून दिसतच नाहीत, खांब दिसला तर दिसला. कडबनवाडीच्या बाजूला मोठे गवताळ माळ आहेत, चिंकारा आणि लांडगे तिथं फिरतात, लोक हल्ली ते बघायला मुद्दाम जातात. उघडा मुलूख आहे. आमच्या बागलाणात सेलबारी-डोलबारीच्या डोंगरांवर असताना इंजिन बसलं असतं तर काय, हा विचार मी त्या आठवड्यात कितीदा केला असेल ते विचारू नका.

इंदापूर तालुक्यात ही पहिली वेळ नव्हती. २०१९ च्या फेब्रुवारीत रुई गावाजवळ बारामतीहूनच आलेलं एक शिकाऊ विमान पडलं होतं, त्यात शिकणारा मुलगा जखमी झाला. पुढं २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीच्या परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, दुसऱ्याच एका संस्थेची. तेव्हा मात्र डीजीसीए जागं झालं आणि त्या संस्थेचं शिकवणं थांबवलं. डीजीसीए म्हणजे दिल्लीचं नागरी विमानांचं मोठं खातं.

ही शिकाऊ विमानं आमच्या-तुमच्या शिवारावर आली कुठून, याचाही इतिहास आहे. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला निघाला. तेव्हा जुहू म्हणजे वाळू, माड आणि मोकळं आकाश. जे. आर. डी. टाटा तिथंच शिकले. शिक्षकाबरोबर चार तासांहून कमी उडाल्यावर त्यांना एकट्याला सोडलं होतं आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना हिंदुस्थानातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. आज इतक्या लवकर कुणी कुणाला एकटं सोडत नाही. नंतर आगाखानांनी पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं, इंग्लंड ते हिंदुस्थान, कोणत्याही बाजूनं, पण विमानात एकटा. टाटा त्यात उतरले. वाटेत इजिप्तमध्ये त्यांना समोरून येणारा सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर भेटला, त्याच्या इंजिनाचे प्लग बिघडले होते. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. अस्पी जिंकला. पुढं तोच आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला. शेजाऱ्याला ऐन पेरणीत पाभर देणारी माणसं मी पाहिली आहेत, पण शर्यतीत समोरच्याला बैल देणारा विरळाच.

मग जुहूच्या भोवती मुंबई वाढली. मोठ्या विमानतळाची विमानं डोक्यावर, खाली इमारती, शिकणाऱ्यानं फिरायचं कुठं? म्हणून क्लबचं शिकवणं धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर आलं. शिरपूरला धावपट्टी झाली, बारामतीला झाली, तिकडं गोंदियाला बिरसीची होतीच. जिथं पाऊस कमी, आकाश उघडं, जमीन स्वस्त आणि विमानांची वर्दळ थोडी, तिथं या शाळा आल्या. म्हणजे आपल्याकडंच. दुष्काळी मुलखाचं एवढं एक बरं झालं म्हणायचं.

आता उतरण्याचं सांगतो, कारण साध्या दिवशी, इंजिन ठणठणीत असताना, सगळं जग जागेवर असतानाही जास्त मोडतोड होते ती उतरतानाच. जीव सहसा जात नाही, पण चाकं मोडतात, पंखा वाकतो, शिकणाऱ्याचं मन मोडतं ते वेगळंच.

सराव म्हणजे धावपट्टीभोवती चौकोनी फेरी. उडायचं, एकाच बाजूला वळत राहायचं, पट्टीला समांतर उलट्या दिशेनं जायचं, पुन्हा दोनदा वळायचं आणि पट्टीच्या नाकासमोर येऊन खाली यायचं. टेकलं की न थांबता परत इंजिन वाढवून वर. एका तासात अशा सात-आठ फेऱ्या. कोळपणीच्या पाती घातल्यासारखं. शिक्षक शेजारी असतो तोवर त्याचे पाय आणि हात तयार असतात. मग एका दिवशी दोन-तीन फेऱ्या चांगल्या झाल्या की तो पट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगतो, पट्टा सोडतो, दार उघडतो आणि खाली उतरून म्हणतो, जा, एक फेरी मारून ये. आधी सांगत नाहीत. सांगितलं तर रात्री झोप लागणार नाही म्हणून.

आपल्याकडं औत शिकवताना असंच होतं. बाप पाभरीचा रुमणा पोराच्या हातात देतो, दोन तास मागं चालतो आणि केव्हा मागं राहिला ते पोराला कळत नाही. पण एक फरक पोरीनं मला सांगितला, तो मला फार मोलाचा वाटला. शिक्षक उतरला की विमानाचं वजन सत्तर-ऐंशी किलोंनी घटतं. साडेसातशे किलोच्या जिनसातून दहावा हिस्सा गेला. म्हणजे ज्या विमानावर शिकलो ते हे विमानच नाही. हे भसकन वर उठतं. आणि उतरताना खाली बसायलाच तयार नसतं. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर पंखाखालची हवा गादीसारखी होते, त्या गादीवर हलकं विमान तरंगत राहतं, पट्टी मागं सरकत जाते. घाबरून नाक खाली दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं. ते चाक नाजूक. आपटलं की विमान उसळतं. पुन्हा दाबलं की पुन्हा उसळतं, दर उसळीला जास्त. तिसऱ्या-चौथ्या उसळीला चाकाचा दांडा जातो, पंखा जमिनीला घासतो, आणि पेपरात 'कोसळले' येतं.

उलटी चूकही असते. पट्टी जवळ आली असं समजून लवकर नाक वर घेतलं, तर विमान दहा-पंधरा फुटांवर वेग हरवून बसतं आणि धप्पकन पडतं. आणि आडवा वारा असला तर तिसराच प्रकार. विमान पट्टीकडं तोंड करून नाही, तर वाऱ्याकडं तोंड करून तिरकं येत असतं, आणि टेकायच्या शेवटच्या क्षणाला ते सरळ करावं लागतं. आमच्याकडं पावसाळ्याच्या तोंडावर दुपारी वावटळी उठतात, त्या वेळी तर नवशिक्याला उडूच देत नाहीत. पट्टीजवळ एका खांबाला नारिंगी कापडाची लांब पिशवी बांधलेली असते, ती बघून वाऱ्याची दिशा आणि जोर कळतो. मी म्हटलं, हे तर आमचं उपणणं झालं. खळ्यावर सूप धरण्याआधी मूठभर भुसा सोडून बघायचा.

यातून सुटायचा उपाय एकच आणि तो प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून घोकून घेतात. मनासारखं नाही वाटलं तर उतरू नका. इंजिन पूर्ण लावा, परत वर जा, पुन्हा फेरी मारा. पेट्रोल थोडं जाईल. त्यात कमीपणा नाही. पण एकट्या बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला खाली शिक्षक बघतोय, सोबतची पोरं बघताहेत, असं वाटत असतं आणि तो हट्टानं टेकवायला जातो. हा हट्ट मशीनचा नाही, माणसाचा आहे.

मागच्या माणसांनी हे फार महाग शिकलं. राइट बंधू १७ डिसेंबर १९०३ ला उडाले. त्यांना शिकवणारं कुणी नव्हतंच, सगळीच उड्डाणं एकट्यानं. त्या दिवशीचं शेवटचं उड्डाण ५९ सेकंदांचं, ८५२ फूट, आणि उतरताना पुढची चौकट मोडली. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच उतरणं अवघड. पहिल्या महायुद्धात तर शिकाऊ पोरं शत्रूला न बघताच मरत होती. शिक्षक म्हणजे नुसता बरोबर बसवून फिरवणारा, मग लगेच एकट्याला सोडायचं. १९१७ साली इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्यानं ती पद्धत मोडली. दोघांनाही सारखे कासरे दिले. कानाला नळी लावून शिक्षक उडता उडता बोलायला लागला. आणि मुख्य म्हणजे, चुका टाळायला शिकवण्याऐवजी शिक्षकासमोर मुद्दाम चूक करायला लावायची आणि त्यातून बाहेर यायला शिकवायचं. आज बारामतीत काय आणि धुळ्यात काय, शिकवतात ते याच मुळावर.

त्या युद्धात आपले लोकही होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिशांच्या विमानदलात होते, १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेले, तिकडंच त्यांची कबर आहे. आणि दुसरा कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. त्याची गोष्ट मी घरात दहा वेळा सांगितली आहे. १९१७ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये सरावाच्या वेळी त्याचं एका माणसाचं विमान उतरताना आदळलं. त्याला मेला समजून शवागारात टाकलं, आणि आतून दार वाजायला लागलं, असं सांगतात. दाराचा भाग कदाचित रंगवलेला असेल, पण अपघात खरा. डॉक्टरांनी उडायला नालायक ठरवलं. तो मागं लागून परत आला. १९१८ च्या जुलैत दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा विमानं लागली आणि २२ जुलैला तो पडला. वय एकोणीस. आदळल्यानंतर परत बसणं म्हणजे काय, ते मला या पोरावरून कळलं. त्यापुढचं युद्ध आपल्या कामाचं नाही.

(विमानाचा विषय निघाला की पारावर कुणीतरी तळपद्यांचं काढतंच, १८९५, चौपाटी. त्याचा त्या काळातला धड पुरावा कुणी दाखवत नाही. आणि त्या गोष्टीतसुद्धा विमान वर गेल्याचंच कौतुक असतं, कसं उतरलं ते कुणी विचारत नाही.)

कडबनवाडीची पट्टी टीव्हीवर सरकली, त्या दिवशी आमच्या घरात काय झालं ते थोडक्यात सांगतो. दुपारी वहिनी, म्हणजे पोरीची आजी, माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांनी बातमी पूर्ण ऐकलीच नव्हती. "पोरले घर बलाई ल्या, भाऊ. आपले नको ते इमान." पुतण्या गप्प. त्यानं दोन एकर गहाण टाकलं होतं, वर बँकेचं कर्ज, सगळं मिळून चाळीस लाखांच्या पुढं. त्या वर्षी कांद्याचा भाव असा होता की वाहतूक सुटत नव्हती. पैसे बुडतील म्हणून पोरीला तिथं ठेवायचं आणि भीती वाटते म्हणून परत आणायचं, या दोन्हींत मला काही अर्थ दिसेना. मी म्हटलं, आधी समजून घेऊ, मग ठरवू. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्यातले शंभर तास विमान तिच्या एकटीच्या जबाबदारीवर. तिचे बारा झाले होते.

रात्री तिचा फोन आला. तिलाही बातमी कळली होती, त्यांच्या वसतिगृहात दुसरा विषयच नव्हता. आजीनं तेच सांगितलं, घरी ये. पोर म्हणाली, "आजी, तिनं विमान उतरवलं गं. मला ते शिकायचंय." वहिनींनी फोन माझ्याकडं दिला. मी त्यांना लाहोरच्या सरला ठकरालची गोष्ट सांगितली. १९३६ साली, एकवीस वर्षांची, लेकुरवाळी, लुगडं नेसून एकटीनं विमान उडवलं. वहिनी म्हणाल्या, "तिनी सासू काय म्हने?" याचं उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही.

एक गोष्ट मात्र मी त्या रात्री वहिनींना सांगितली नाही, पुढं सहा महिन्यांनी सांगितली. त्याच्या आदल्या वर्षीची, १६ जुलै २०२१ ची. शिरपूरच्या संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी पडलं. त्यात शिकणारी मुलगी आणि तिचे शिक्षक होते. शिक्षक जागीच गेले. मुलगी गंभीर जखमी. तिथं रस्ता नाही, चिखल, पाऊस. आदिवासी वस्तीतले लोक पोहोचले. मुलीला न्यायचं कशात? एका बाईनं अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी केली आणि त्या झोळीतून मुलीला खाली आणलं. पेपरात हे आलं होतं, त्या बाईचा सत्कारही झाला. मी कात्रण ठेवलं आहे. वहिनींनी ते ऐकून घेतलं. त्या शिक्षकाबद्दल विचारलं, वय काय, घरी कोण. मग बराच वेळ बोलल्या नाहीत.

शिवारात विमान पडलं की आधी शेतकरीच पोहोचतो. रुईला, कडबनवाडीला, वर्डीला, सगळीकडं हेच. पण त्याला काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. पंख्याच्या जवळ जायचं नाही, थांबलेला दिसला तरी. पंखात पेट्रोल असतं, बिडी पेटवायची नाही. आतल्या माणसाचा पट्टा कसा सुटतो. मानेला मार असेल तर ओढायचं नाही. मोडलेला तुकडा आठवण म्हणून घरी न्यायचा नाही, तो तपासाला लागतो. पाच वाक्यं आहेत. ज्या गावांवरून रोज ही पोरं फिरतात, त्या गावांच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ती रंगवायला किती खर्च येईल? हागणदारीमुक्तीची वाक्यं रंगवतोच की.

तपासाचंही तसंच. २०१२ पासून विमान अपघातांच्या चौकशीसाठी दिल्लीत वेगळा विभाग आहे. त्यांच्या अहवालाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की ही चौकशी कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाही, असं पुन्हा होऊ नये यासाठी आहे. हे वाचून मी चकित झालो. आपल्याकडं पंचनामा म्हणजे आधी दोष कुणाचा. इथं विमानाचं वय, इंजिनाचे तास, त्या दिवशीचा वारा, शिकणाऱ्याची किती झोप झाली होती, सगळं मांडतात. मी पोरीच्या मदतीनं असे दोन अहवाल वाचले, एकेक पान समजायला तास लागला. पण ते इंग्रजीत असतात आणि यायला पुष्कळ वेळ लागतो. ज्याच्या रानात विमान पडलं त्याला ते का पडलं हे मराठीत, त्याच्या ग्रामसभेत कुणीतरी वाचून दाखवावं, असं मला वाटतं. त्याचं पीक मोडलं, त्यानं पोर बाहेर काढली, त्याचा तेवढा हक्क आहे.

आमच्या पोरीचं पुढं काय झालं, असं लोक विचारतात. तिचे दोनशे तास पूर्ण व्हायला दीड वर्षाच्या वर गेलं, मध्ये पावसाळा, मध्ये विमानं दुरुस्तीला. एकदा एकटी असताना तिचंही विमान उसळलं. पुढचं चाक आधी टेकलं, वर फेकलं, आणि ती म्हणते की हात आपोआप नाक दाबायला निघाले होते. तिनं ते धरले, इंजिन पूर्ण लावलं आणि परत वर गेली. दुसऱ्या फेरीत टेकलं. खाली आल्यावर चाकाचा दांडा तपासून घेतला, थोडा वाकलेला निघाला, ते विमान आठवडाभर उभं राहिलं. हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं आणि म्हणाली, "आप्पा, आजीला सांगू नका." मी सांगितलं नाही. पण वहिनींना कळायचं ते कळतंच. त्यांनी पोरीला कधीच विचारलं नाही, किती उंच गेली, किती लांब गेली, काय दिसलं. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पुतण्याला फोन लावायला लावायच्या आणि एवढंच विचारायच्या, "उतरनी का पोर?"